कंसातला अंगठा

पानाला चौतीस युरो, शिक्क्याचे वेगळे.
हिल्का आणि यार्मो हिएताला यांची फाइल आली
तेव्हा कायानीची नदी काठाकाठाने गोठू लागली होती.
वर चिठ्ठी होती: घाईचं आहे.
म्हणजे तीन वर्षं झाली होती त्यांना.

लग्नाचा दाखला. पगाराची पत्रकं.
यार्मोच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, सन २०११.
हिल्काचं रक्त, लघवी, दात, झोप.
पोलिसांचं पत्र, की या दोघांनी
आजवर काहीही केलेलं नाही.
समाजसेविकेचा अहवाल, बावीस पानी:
घर लाकडी, पिवळं. नदी एकशे दहा मीटरवर, मध्ये कुंपण.
मुलाची खोली सौनाला लागून.

बोगोटाहून प्रश्न आला, अदबीने:
ऐंशी अंशांच्या त्या खोलीत
हे कुटुंब नेमकं करतं काय?
मी पदरचं एक पान लिहिलं.
बसतं, असं लिहिलं.
सगळे मिळून, गप्प.

एका वाक्यापाशी मात्र अडले.
हिल्काने स्वतःच्या हाताने लिहिलेलं:
घरी येईल तेव्हा आम्ही दिवा चालूच ठेवू.
कोण येईल?
आमच्या फिनिशमध्ये तो आणि ती एकाच शब्दात राहतात,
एका पांघरुणातल्या भावंडांसारखे.
स्पॅनिशला ते खपत नाही,
तिला दारातच नाव-गाव लागतं.
मी फोन केला. तसा करायचा नसतो.
"तो लिहू, की ती?"
पलीकडे भांडी वाजायची थांबली.
"जे येईल ते," हिल्का म्हणाली,
आणि बऱ्याच वेळाने:
"तुम्हाला सोपं पडेल ते लिहा."

दीड वर्षाने उलट्या दिशेची पानं आली.
नेइदी. पाच वर्षं आठ महिने. मुक्काम पास्तो.
बूट घालून झोपते, काढले तर जागी होते.
भात आवडतो, उरलेला उशीखाली ठेवते.
सांभाळणाऱ्या रोसाल्बाबाईंना आई म्हणते.
त्या आई नाहीत हे तिला
टप्प्याटप्प्याने सांगण्यात येत आहे.
त्या 'टप्प्याटप्प्याने'वर
माझी अख्खी दुपार गेली.

शेवटचं पान संमतीचं.
जन्मदात्रीच्या नावापुढे सही नव्हती,
अंगठा होता. जांभळा, एका बाजूला फरफटलेला.
नियम सोपा आहे:
जे अक्षर नाही ते कंसात लिहायचं.
मी लिहिलं, (अंगठ्याचा ठसा).
फरफटलेला, हे लिहिलं नाही.
शाई पातळ असेल. कुणी हात घाईने ओढला असेल.
हात ओला असेल.
खाली माझी शपथ: भाषांतर हुबेहूब आहे.
सही, तारीख, शिक्का.
बिल त्यांनी चौथ्या दिवशी भरलं.

मागच्या मार्चमध्ये, दुकानात,
रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी
माझ्यापुढे एक मुलगी होती, लाल टोपीतली.
एकेक बाटली भोकात सारायची,
आत ती फुटल्याचा आवाज आला की हसायची.
मागे एक माणूस पिशवी धरून.
त्याला मी कधी पाहिलं नव्हतं,
पण डावा गुडघा ओळखला.
"अजून सात आहेत, बाबा,"
अस्सल आमच्या कायानीच्या हेलात.
नाड्यांना दुहेरी गाठ.
तिने वळून पाहिलं, आणि मी
शेंगदाण्यांच्या डब्यावरचा मजकूर वाचू लागले,
तिन्ही भाषांतला.

ती कशी झोपायची ते मला माहीत आहे.
आता कशी झोपते ते नाही.

बाटल्या संपल्या. हिरवं बटण
तिने अंगठ्याने दाबलं.
लोक बोटाने दाबतात.
दोन युरो चाळीस. पावती घेऊन ती पळाली,
तो लंगडत मागे.

माझा नंबर आला.
बटण चिकट होतं.