टिंबंही उमटत नाहीत

तासगावात, तहसीलसमोरच्या पत्र्याच्या शेडात
माझं दुकान : झेरॉक्स, टायपिंग, प्रतिज्ञापत्र.
संगणक दोन हजार नऊचा.
सकाळी बटण दाबून मी उदबत्ती लावायची,
झाडून घ्यायची, चहा प्यायची,
कप विसळून उपडा घातला तरी
पडद्यावर ते चक्र फिरतच असायचं.
रांगेतून कुणीतरी विचारायचं,
"बाई, झोपलंय का मेलंय?"

तांबोळ्यांचा अल्ताफ पेनड्राइव्ह घेऊन आला.
"मावशी, लिनक्स टाकू. नवशिक्यांसाठीचं आहे, सोप्पं.
आणि फुकट."
फुकट म्हटल्यावर मी चष्मा वर केला.
बेदाण्याच्या सौद्यात जन्म गेला माझ्या बापाचा.
मूठभर चाखायला देतात
ते भाव फुटायच्या आधी.
"मग भाव कधी सांगणार?"
अल्ताफ हसला. "सांगतच नाहीत, मावशी."

अर्ध्या तासात झालं.
उदबत्ती निम्मी जळायच्या आत पडदा उजळला,
आणि मला उगाच
पाहुणे वेळेआधी आल्यासारखं झालं.

कोल्ड स्टोरेजचे मुनीम, आनंदराव कोष्टी,
पावत्या करता करता पत्ते खेळायचे.
"माझे पत्ते कुठायत?"
पत्ते होते. पाठीवरची नक्षी तेवढी निराळी.
तीन दिवस ते त्या नक्षीशी बोलले नाहीत.
निवृत्त तलाठी शिंगाडे अण्णा म्हणाले,
"ह्याला व्हायरस लागत नाही म्हणे?
मग बिघडल्यावर नाव कुणाचं घ्यायचं?"
वायदंड्यांची आश्लेषा अर्ज भरायला आली,
भरून गेली.
काही बदललंय हे तिला दिसलंच नाही.

प्रिंटर मात्र अडून बसला.
अल्ताफनं दोन रात्री घातल्या त्याच्यापायी.
मग कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी जागत्या माणसानं
लिहून ठेवलेली एक ओळ त्याला सापडली.
आता छापतो. पहिलं पान कोरं सोडतो.
त्या कोऱ्या पानांवर मी दुधाचा हिशेब लिहिते.

खरी धडकी भरली ती जुन्या फाइली उघडल्यावर.
कुंभोजकर सरांच्या इन्स्टिट्यूटच्या फाइली,
सर गेल्यावर संगणकाबरोबर माझ्याकडे आलेल्या,
एका संगणकातून दुसऱ्यात मी वाहत आणलेल्या.
मराठी पार नाहीशी.
उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, मधेच पौंडाची खूण,
मधेच टोपी घातलेला ए.
"जुना फाँट आहे, मावशी. अक्षरं आहेत, कपडे हरवलेत."
त्यानं जुन्या डिस्कवरून ते कपडे शोधून आणले.
आणि एकेक ओळ
काना, मात्रा, वेलांटी सावरत उभी राहिली.

यादी होती. जून अठ्ठ्याण्णव. फी बाकी.
नऊ नावं.
सातवं माझं, माहेरच्या आडनावानं.
पुढे ऐंशी रुपये.
आणि त्यापुढे, कंसात, दोन शब्द :
मागू नये.

अल्ताफ वायर गुंडाळत होता.
मी त्याला म्हटलं, चहा सांग दोन.

नवीन काही बसवायचं तर हे यंत्र पासवर्ड मागतं.
काळ्या खिडकीत मी टाईप करते
आणि तिथं काहीच उमटत नाही,
चांदण्या नाहीत, टिंबंही नाहीत.
पहिल्यांदा मी हात काढून घेतला, म्हटलं बंद पडलं.
"चालू आहे, मावशी. दाखवत नाही, इतकंच.
तुम्ही लिहीत राहा."

परीक्षेआधी सर आमच्या हातांवर
काळं कापड टाकायचे.
खाली बघायचं नाही. कागदाकडेही नाही.
मी डोळे शिंगाडे अण्णांच्या छत्रीवर ठेवते,
बोटं आपापल्या घरातून निघून परत येतात.
एंटर.

बहुतेक वेळा चुकतं.
पुन्हा मागतं. काही म्हणत नाही.