दहा डुबक्या

दुधना ओलांडली की सेलूच्या अंगाला
माझ्याकडं सात गावं आणि एक वगराळं.
रजिस्टरवर नाव आश्रोबा टेकाळे,
गावात नुसता डासवाला.

जुलैत जिल्ह्याहून आणले
चाळीस गप्पी मासे,
पिशवी मोटारसायकलच्या हँडलला टांगून.
बारवेच्या सातव्या पायरीवर उतरलो,
पिशवी पाण्यावर तरंगू दिली पाव तास
(परक्या पाण्याची ओळख पटावी लागते),
मग गाठ सोडली.
कौसाबाई धुणं थांबवून म्हणाल्या,
"एवढ्याशानं काय व्हतंय, बापू?"

पोळ्याला पायऱ्यांच्या सावलीत
डोळेच डोळे हलत होते.
दसऱ्याला मोजणं सोडून दिलं.
चाळिसाचे दोनशे, दोनशेचे हजार.
रात्री पंख्याखाली पडून मी गुणाकार करायचो :
असंच चाललं तर पुढच्या पोळ्याला
बारवेत पाणी नसेल, नुसते मासे,
त्याच्या पुढच्या पोळ्याला दुधना भरेल,
मग पूर्णा, मग गोदावरी,
आणि नांदेडच्या घाटावर लोक
गंगेत पाय बुडवायला जागा शोधतील.

गुणाकार बरोबर होता.
मी तो दोनदा ताडून पाहिला होता.

दिवाळीनंतर मात्र आकडा हलेना.
मला वाटलं, कुणी पावडर टाकली.
दिवडावर संशय घेतला. खंड्यावर घेतला,
पिंपळाच्या फांदीवरून दिवसभर
निळी सुई टोचत राहायचा तो पाण्याला.
पण एकटा पक्षी खाऊन खाऊन खाणार किती?
वरून फोन : टेकाळे, वाढ का थांबली?
फॉर्ममध्ये कारणासाठी बोटभर जागा.

कारण अफरोजनं आणलं,
सहावीतलं पोरगं, बोर्नव्हिटाच्या बरणीत
गुपचूप सहा मासे घेऊन गेलेलं.
"मादी व्याली, काका.
सकाळी मोजली, अठरा पिलं.
शाळेतून आलो तं चारच."
"मांजर?"
"झाकण होतं."
झाकण हातातच होतं त्याच्या.
"तिनंच खाल्ली. मी पाहिलं."

मी म्हणालो, बरणी लहान आहे रे.
तो कठड्यावरून खाली वाकला,
बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.
"मंग ही केवढीये?"

त्या रात्री गुणाकार केला नाही.

चैत्रात पाणी सतराव्या पायरीवर गेलं.
वरच्या पायऱ्यांवर वाळलेलं शेवाळ,
हात लावला की पापुद्रे सुटायचे.
मासे काडेपेटीतल्या काडीएवढे,
पोटं आत गेलेली,
एकमेकांच्या अंगाला घासत फिरणारे.
वैशाखात जे उरलं त्याला बारव म्हणवत नव्हतं.
कडेला एक बगळा उभा होता,
घाई नसलेला,
रांगेत पहिला नंबर लागलेल्या माणसासारखा.

कौसाबाई आता धुणं बोअरवर नेतात.
येता-जाता विचारतात, "जगतेत का?"
जगतात. मावतील तेवढे.

परवा नोंद घ्यायला उतरलो.
नियम असा : कडेकडेनं दहा डुबक्या,
प्रत्येक वगराळ्यात किती अळ्या ते लिहायचं.
एक, रिकामी. दोन, रिकामी.
पाचव्या डुबकीत मासाच आला, सोडला.
नऊपर्यंत पूज्य.
दहावी डुबकी दगडाच्या फटीजवळ,
जिथं माशाचं तोंड शिरत नाही :
एक अळी.
डोकं खाली, शेपूट वर,
पाण्याच्या कातडीला लटकून श्वास घेणारी,
एखाद्या चालू वाक्यातला स्वल्पविराम.

मी लिहिलं : एक.
तालुक्याला साहेबांनी लाल पेनानं खोडून
शून्य केलं, म्हणाले,
"मासे सोडल्यावर एक कशी राहील?"

त्यांना फट सांगायला हवी होती. नाही सांगितली.
हेही नाही सांगितलं की नियमाप्रमाणे
वगराळं कोरड्या पायरीवर उपडं करायचं असतं,
आणि माझा हात तिथवर गेला होता,
उन्हानं पायरी पोळत होती,
आणि खाली पाण्यात काड्याएवढी तोंडं
एका जागी गोळा होऊन
वर बघत होती.