जांभळ्या दिव्याची पेटी

म्हापशात शुक्रवारी नोटांना वास असतो.
सुक्या बांगड्यांचा, चोरिसांतल्या विनेगराचा,
पर्र्याच्या कलिंगडांना लागून आलेल्या मातीचा.
मी खिडकी नंबर दोनवर बसतो.
अंगठ्याखाली ओला स्पंज,
उजव्या हाताशी पेटी,
बुटांच्या खोक्याएवढी, वर झडप.
मॅनेजर दर शुक्रवारी तेच सांगतात:
शेटगांवकर, पाचशेची एकही सोडायची नाही.

आत बघायला मान वाकवावी लागते,
विहिरीत सुटलेला पोहरा शोधताना वाकवतो तशी.

नवा होतो तेव्हा वाटायचं,
खरी नोट उजळत असेल.
तसं नसतं.
खरा कागद कापसाचा. तो दिव्याखाली
निजून राहतो, काळसर, कंटाळलेला,
आणि त्या काळोखात सुटे तंतू तेवढे जागे असतात,
न्हाव्याच्या फरशीवरच्या केसांसारखे
कुठेही, कसेही.
गिरणीत लगदा घुसळताना कुणी मूठ सोडली असेल,
पडले ते पडले.
खोटा कागद मात्र
सगळाच्या सगळा पांढरा पेटतो,
फेस्ताच्या रात्रीच्या कपेलासारखा.

पावणेअकराला बोस्त्यांव आला,
भाड्याच्या स्कूटरींवाला.
त्याच्या गड्डीत दोन नोटा कोऱ्या.
कागद काळा राहिला. तंतूही होते.
पहिली बाजूला ठेवली,
दुसरी सरकवली आणि हात थांबला.
आकड्याच्या वर पिवळा तंतू, गळासारखा वाकलेला,
शेजारी निळा, अर्धवट वळलेला.
पहिली परत घेतली.
गळ तिथेच.
निळा तिथेच, आणि तेवढाच वळलेला.

सांडलेल्या गोष्टी अशा सांडत नाहीत.
हे कुणीतरी छापलं होतं,
मन लावून, दार लावून, रात्रीचे जागून.
खरं सांगतो, मला त्याची कीव आली.
एवढं सगळं जमलं त्याला,
फक्त सांडणं जमलं नाही.

शिक्का मारला, पावती फाडली.
बोस्त्यांव म्हणाला, कोण तरी गोरो दिवन गेलो.
मग म्हणाला, गोरो न्हय, दिल्लीचो.
मग पावतीची घडी घालत राहिला,
दोन, चार, आठ,
आणखी घडी बसेना तोवर.

त्याच्यामागे आनामारी, शिवोलीची,
रिकामी टोपली पायाशी ठेवून.
तिच्या सगळ्या नोटा बांगड्याच्या वासाच्या,
एक सोडून. ती लिंबाच्या वासाची
आणि आत टाकताच
लख्ख पांढरी.
मी वर पाहिलं. तिनं माझं पाहणं पाहिलं.
झिलाच्या पँटींत उरली, ती म्हणाली,
मशिनींत धुली. तो गेलो तारवार.

साबणाची पावडर कागदात मुरली की
खरी नोटही खोट्यासारखी उजळते,
हे पुस्तिकेत एका ओळीत आहे, शेवटून दुसऱ्या पानावर.
मी डोळ्यांना सवय होऊ दिली.
पांढऱ्या धुक्याखाली हळूहळू
एक तंतू, मग तीन,
मग एक कडेला, कापताना अर्धा तुटलेला.
सात मोजले. कुणाचा कुणाशी संबंध नव्हता.
उजेडात धरली, बोटानं उठाव चाचपला, तारही पाहिली.
घेतली.

पण तिला बघायचंच होतं.
पेटी काचेच्या फटीकडे फिरवली, दुसरी एक नोट आत ठेवली.
रांगेतल्या लोकांनी घड्याळं पाहिली.
तिनं नाक झडपेला टेकवलं आणि गप्प राहिली.
मग म्हणाली, शापोऱ्यांत काळोखाच्या रातीं
जाळें ओडटना उदक अशेंच पेटटा.
मी कधी रात्री नदीवर गेलेलो नाही,
नुसती मान हलवली.

नोट काढायला हात आत घातला तशी
माझी बाही भगभगली,
परवाच नव्या पावडरीत भिजलेली, मनगटापर्यंत पांढरी शुभ्र.
तिचं नाक अजून झडपेलाच होतं.
आणि ही? तिनं विचारलं,
ही खोटी व्हय?