तेरा खाचा

सीट मरडॉकने स्वतःच्या मापाने बसवली होती.
चार बोल्ट, थेट तळाच्या पत्र्यात.
तसूभरही हलायची नाही.
नऊ वर्षं शेडमध्ये गाडी वाढत गेली:
कुणाच्या तरी आपटलेल्या माझ्दाचं इंजिन,
ॲल्युमिनियमचं अंग, वाळूच्या पिशवीवर
ठोकून ठोकून गोल केलेलं,
शेजारच्या कुत्र्याला भुंकायला कायमचं निमित्त.
सहा फूट दोन इंच माणूस.
आत बसला की वाटायचं, गाडी अंगात घातलीय.

मी एकदाच बसले त्या जागी.
पाठीमागे दोन उश्या, एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी,
तरी क्लच बुटापासून वीतभर लांब.
म्हटलं, ही गाडी नाही, तुझा कोट आहे.
तो हसला. मीही.
तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

या जूनमध्ये, ओमारूला हाडं गोठवणारा वारा सुटलेला असताना,
त्याने सीट उपटून काढली.
कशासाठी, ते आम्ही बोललो नाही.
टिमारूच्या भंगारवाल्याकडून सुझुकीचे रूळ आले,
गंजलेले. एकात वीस सेंटचं नाणं
आणि कुणाच्या तरी पोराच्या बिस्किटाचा चुरा.
दोन्ही रूळ एकाच वेळी सुटायला हवेत,
नाहीतर सीट तिरकी अडकते, फुगलेल्या ड्रॉवरसारखी.
त्यासाठी त्याने वाकवलेला दांडा
तीनदा चुकला. चौथ्यांदा कमी चुकला.
रुळांनी सीट उचलली अठ्ठावीस मिलिमीटर,
म्हणून स्टिअरिंग मांडीला लागायला लागलं,
म्हणून फोम कापला,
माझ्या पाव कापायच्या सुरीने.
विचारलंसुद्धा नाही.

मापं तो बोटांनी घेत होता.
मधलं काही दिसत नाही त्याला आता, फक्त कडा:
चेहऱ्याऐवजी कान,
नटाऐवजी वॉशरची चकाकी.
मी टॉर्च धरला.
'माझ्यासाठी कशाला?' तो म्हणाला,
'तुला बघायचं असेल तर धर.'
परवाना मार्चपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत
साबणाशेजारी उभा आहे.

मग माझं माप.
कमरेपासून टाचेपर्यंत दोरी ताणली,
गाठ मारली, खिशात टाकली.
एकेचाळीस वर्षं पाय पोटाशी घेऊन झोपतेय मी
त्याच्या लांबीशेजारी,
आणि आता पाय पाहून अंथरूण सरकवायला
हा माणूस गुडघ्यांवर बसलाय
थंडगार काँक्रीटवर, तोंडात दोन बोल्ट धरून.

डनीडनहून तपासायला तामाती आला.
सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवली,
खाली सरपटत जाऊन तळहाताएवढ्या पोलादी पट्ट्या मोजल्या,
पट्टे ओढले, दांडा उचलला, सोडला, पुन्हा उचलला.
बाहेर येऊन विचारलं, 'चालवणार कोण?'
आम्ही दोघं एकदमच बोललो.
त्याने कागदावर काय लिहिलं
ते मी अजून वाचलेलं नाही.

तेरा खाचा आहेत. माझी अकरावी.
रविवारी काकानुईच्या रस्त्याला निघालो.
मरडॉक डावीकडे, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले,
इंजिन ऐकत: 'आता तिसरा.
आता नाही, नोएलीन. आता.'
पुलाआधी दोनदा गाडी बंद पाडली मी.
दुधाचा टँकर मागे ताटकळला होता,
त्याला त्याने नुसता हात केला,
नेमका जिथे टँकर नव्हता त्या दिशेला.

परत आल्यावर तो किटली ठेवायला गेला.
मी दांडा उचलला, सीट पार मागे ढकलली,
पहिल्या खाचेपर्यंत, त्याच्या.
काही बोलले नाही.

सकाळी शेड उघडलं
तर सीट पुढे, अकराव्या खाचेवर.
गादी थंड. दांड्याला थोडं ताजं ग्रीस.
रात्री कधीतरी
शेजारचा कुत्रा बराच वेळ भुंकत होता खरा.