नववी ब, सातवा तास

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, चाळीस मिनिटं आहेत,
स्लाइड्स तयार आहेत, तेवढ्या वाचून दाखवा.
पहिल्या स्लाइडवर सिरिंज, तिच्यावर लाल फुली.
मी प्रोजेक्टर बंद केला.
पंख्याचा आवाज उरला, आणि माझा.

माझ्या आवाजाला ही पोरं आता सरावलीत.
नवा कुणी आला की पहिल्या दिवशी मागच्या बाकावर खसखस पिकते,
आणि गॅसवाला फोनवर अजून 'साहेब' म्हणतो.
आज पहिल्यांदा सांगितलं
की हा घसा माझा नाही,
म्हणजे माझाच, पण मी जन्माला येताना आणलेला नाही.

सतरा वर्षांची होते. गोळाफेक.
चार किलोचा गोळा मानेशी असा धरायचा,
कबुतर धरतात तसा:
निसटू नये, गुदमरूही नये.
ठाण्याच्या मैदानावर पहाटे सर खिशातून पुडी काढायचे.
फिकट गोळ्या. जेवणानंतर एक.
"ताकदीच्या आहेत. डॉक्टर आपलाच माणूस आहे."
मी विचारलं नाही, कसल्या ताकदीच्या.
हे लिहून घ्या, म्हटलं, बाकी काही लिहू नका:
मी विचारलं नाही.

तीन महिन्यांत गोळा सव्वा मीटर पुढे पडायला लागला.
चौथ्या महिन्यात पाळी गेली.
(मुलांनी वहीत डोकी घातली. घालू देत. ऐकतायत.)
हनुवटीवर केस आले,
आणि आरतीला वरचा सूर लावायला गेले
तर तो जिथे ठेवला होता तिथे नव्हता.
आई म्हणाली, सर्दी आहे, आल्याचा काढा घे.

"मॅडम, तुम्हाला पकडलं नाही?" आफ्रीन.
नाही. कुणी तपासलंच नाही.
पदक अजून कपाटात आहे, शालींच्या खाली.
वर्गात एक सुस्कारा सुटला, सुटकेचा,
मला तो आवडला नाही,
म्हणून कुंदाचं नाव घ्यावं लागलं.

कुंदा वैती. चेंदणीची. पहिल्या तिघी पुढे गेल्या,
ती चौथी. अकरा सेंटिमीटर.
त्याच वर्षी तिने खेळ सोडला.
परवा कळव्याच्या बाजारात भेटली, सुके बोंबील मोजून देत होती,
मनगट अजून तसंच, फेकीतलं.
"घसा बसलाय का गं तुझा?" तिने विचारलं.
मी हो म्हटलं.
सव्वीस वर्षं झाली, आणि मी हो म्हटलं.
वर चार बोंबील जास्त घातले तिने.

मग दिव्येश मढवी उठला. हा उठणारच होता.
"मॅडम, खाडीतले फ्लेमिंगो काय आपोआप गुलाबी होतात?
खातात म्हणून होतात. मग तेपण चीटिंगच."
शिट्ट्या. बाक वाजले.
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ऐरोलीची खाडी दिसते,
ओहोटीच्या चिखलावर एक पुसट गुलाबी रेघ.
म्हटलं, पिल्लू राखाडी असतं.
दोन-तीन वर्षं राखाडीच हिंडतं त्याच चिखलात.
"हे उत्तर झालं का?"
नाही, म्हटलं. उद्या सांगते.
खरंच अजून सुचलेलं नाही.

घंटा झाली. सगळे गेले, तो घुटमळला.
दप्तरातून डबा काढला, काळा, झाकणावर वाघ.
"रबाळ्याच्या जिममधल्या दादाने दिलाय.
नॅचरल लिहिलंय बघा."
उघडला होता का, मी विचारलं नाही.
मग विचारलं.
"दोनदाच."
लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी, माझा चष्मा स्टाफरूममध्ये.
तूच वाच, म्हटलं. सगळं वाच. मोठ्याने.

तो अडखळत वाचू लागला.
कंठ फुटतोय त्याला याच महिन्यात,
प्रत्येक लांबलचक नावाशी आवाज खाली घसरत होता,
चिरकत होता, पुन्हा वर चढत होता,
आपला आपण.
तो लाजून थांबला.

पुढे वाच, मी म्हटलं.