गिरडकरच्या पेटीत

सीतादही झालं की गिरडकरची कुल्फी संपते.
थंडीत कोण चोखतं कांडी?
दुधाच्या चार पिशव्यांसाठी
पेटी मात्र बारा महिने घुरघुरत असते,
झाकणावर हसणारा पोरगा,
त्याच्या हातातल्या आंब्याचा रंग उडालेला.

मीच म्हटलं, भाऊ, जागा रिकामी आहे
तर माझे फुनके ठेव.
"फुनके? बर्फात?
कोनं नाश्ता बर्फात ठेवला का जी वहिनी आजवर?"
मग आठवड्याचे वीस रुपये ठरले.

बाजाराच्या दिवशी वेचा नसतो.
रात्री भिजत घातलेली तुरीची डाळ,
पाट्यावर नाही, मिक्सरमध्येच, पण भरड;
लसूण, हिरवी मिरची, ओंजळभर सांबार
(सांबार म्हटलं की पुण्याची जाऊ हसते,
हसू दे).
मुठीत दाबून चाळणीवर,
चार बोटांचे ठसे प्रत्येकावर माझेच.
वाफवून झाले की ताटात पसरायचे,
पूर्ण निवू द्यायचे.
गरम बांधले तर आत पाणी सुटतं, गिजगा होतो,
हे दोन खेपा कुत्र्याला घालून शिकले.
बाजार ते बाजार, सहा दिवस, सहा पुड्या.

मग निर्मलाचे मेथीचे पराठे आले, अर्धे कच्चे भाजलेले,
मधे मधे धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कापून घातलेल्या.
पंचफुलाला वार वाचता येत नाहीत,
ती लाल दोऱ्याला गाठी मारते,
एक गाठ, दोन गाठी, सहा.
कधी कधी गाठी बर्फात इतक्या घट्ट होतात
की दातानं सोडते आणि दात कळतात.

पहिल्या आठवड्यात सगळ्याच नाश्त्याला
थोडा आंब्याचा वास होता.
माझ्या प्राचीनं तर मागून घेतले अजून दोन.

आणि पहाटे चार वाजता जाग आली.
सवयीनं.
उठून काय करू?
पुडी रात्रीच आणलेली, जर्मनच्या गंजात झाकून,
निघायच्या आधी दहा मिनिटं वाफ, बस.
मी पडून राहिले.
बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
नवरा झोपेत दात खातो,
टिनावरून दव गळतं ते एका ठिकाणी नाही,
दोन ठिकाणी, मागेपुढे.
माझं एकही बोट पिठात नव्हतं.
थोडी भीती वाटली,
कापसाच्या मोजणीत कोणीतरी चुकून
दहा किलोचे पैसे जास्त द्यावेत
आणि पाठीमागून हाक येईल म्हणून
आपण भरभर चालावं, तशी.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, डी.पी. जळाली.
लाईनमन म्हणाला, दोन दिवस तरी.
संध्याकाळी गिरडकर स्वतः आला, हातात टॉर्च,
"वहिनी, पाणी सुटून राह्यलं."

त्याच्या दुकानापुढेच तीन विटा मांडल्या.
त्या रात्री आम्ही गुरुवार खाल्ला,
शुक्रवार खाल्ला,
शनिवार निर्मलाच्या तव्यावर जरा करपला.
पंचफुलानं सहा गाठींचा दोरा सोडून
आपला रविवार
कोणाचं कोण न विचारता वाटला.
गिरडकरनं जवस-मिरचीची चटणी काढली, आणि तेल,
आणि नंतर कबूल केलं
की तो रोज एक फुनका काढून खात होता.
माझ्या मोजणीत एक कमी यायचा तो असा.
पोरं टॉर्च एकमेकांच्या तोंडात मारत होती.
सहाव्या फुनक्यानंतर मला ढेकर आला
तो पार देवळापर्यंत ऐकू गेला म्हणे.

दुसऱ्या दिवशी चारला डोळे उघडले.
पुडी नव्हती. डाळ भिजवलेली नव्हती.
कोणालाच भूक लागणार नव्हती दुपारपर्यंत.
पडून राहिले,
दोन ठिकाणचं दव मोजत,
पुरता पाऊण घंटा.

वेच्याला जाताना गिरडकरनं हाक मारलीच.
वीसातले बारा परत दिले, हिशेबानं.
मी थांबले, आणि मोजून घेतले.