पालथे पत्ते

ए.जी. ऑफिसच्या मागल्या हिरवळीवर, डिसेंबरात,
डबे संपले की निगुडकर रुमाल पसरत
आणि त्यावर तीन पत्ते, पालथे.
"एक बदाम, एक इस्पिक, एक किलवर.
काळ्याला काळं खेटलेलं नाही.
गुलाम आहे, पण कडेला नाही.
राणीच्या उजव्या हाताला कुणी नाही
आणि इस्पिक तिचं नव्हे.
बोला! पैज पावभर गजक."

मी नवी. ऑडिटला लागून महिना झालेला.
बोटं मोडत मोडत पोचले:
मधे बदाम गुलाम, उजवीकडे किलवर राणी,
डावीकडे उरला तो इस्पिक राजा.

त्यांनी पत्ता उलटला.
इस्पिकची दुर्री.
"राजा आहे, असं मी म्हटलं होतं का?"

गजक मी आणली. शर्माजींनीच जास्त खाल्ली.

मग दिसलं, पत्त्यांच्या कोपऱ्यांना टाचणीचे टोचे.
आम्ही हिशेब तपासणारी माणसं, लगेच बेरीज मांडली.
खुणेचे पत्ते, म्हणजे जुगारी.
डबा खानावळीचा, म्हणजे एकटा.
पाचच्या ठोक्याला टेम्पोला लोंबकळून पळतो,
म्हणजे अड्डा.
बेरीज जुळली. टिकमार्क.

मार्चअखेर एका कागदावर त्यांची सही राहिली
म्हणून दौलतगंजात गेले, दिवेलागणीला.
दिवा लागलेला नव्हता.
जाजमावर एक बाई, नजर तिसरीकडेच,
अंगठा पत्त्याच्या कोपऱ्यावरून
तांदळातला खडा शोधावा तसा फिरत होता.

"कोडी हिची," आतून निगुडकर म्हणाले,
हातात उलथणं, पोळी जळायला आलेली.
"मी नुसता ने-आण करतो."

शरयूबाई हसल्या.
"तूच ना ती, राजा म्हणणारी?
चार दिवस मला हेच सांगत होते."

मला बसवलं. तीन पत्ते मांडले.
पालथे की सुलटे, त्यांना काय त्याचं.
माझ्यासाठी पाठीवरचं निळं जाळं तेवढं.
"अटी सांगा," मी म्हटलं.
"आज अटी नाहीत. हात दे."

डोळे मिटले. अंगठा टेकवला.
बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.
तीन टोचे. नाही, चार.
पुन्हा पहिल्यापासून.

सही घ्यायची राहूनच गेली त्या दिवशी.